पेटीवर काय लिहायचं?

हापूसच्या बागायतदाराला पूर्वी लिहायची वेळच येत नसे. आंबा उतरवायचा, पेट्या भरायच्या, गाडी वाशीच्या बाजाराकडे रवाना करायची आणि आडत्याकडून पट्टी येण्याची वाट पाहायची. पेटीवर नाव आणि मार्का असला की झालं. आता देवगड-रत्नागिरीकडचे कितीतरी बागायतदार पुण्या-मुंबईच्या घरांत थेट पेट्या पोहोचवतात. त्यामुळे मोबाइलवरचा संदेश, पत्रक, पेटीत ठेवायची चिठ्ठी असं काही ना काही प्रत्येकाला लिहावंच लागतं. मोहोर धरला की हे संदेश फिरू लागतात आणि त्यातले बहुतेक एकमेकांसारखेच असतात.

विकण्यासाठी लिहिताना वाचणाऱ्याला कशाची पर्वा आहे, हे कसं ओळखायचं? हा प्रश्न मला मोलाचा वाटतो, कारण छोट्या उत्पादकाची कमाई आणि ग्राहकाचा विश्वास दोन्ही त्यावर अवलंबून आहेत. त्याच्या दोन बाजू मला दिसतात आणि दोन्हींत तथ्य वाटतं. म्हणून त्या दोघांच्या तोंडी घालतो. एक देवगडचे बागायतदार काका, ज्यांचं आयुष्य बाग आणि बाजार यांत गेलं. दुसरी त्यांची पुतणी, पुण्यात जाहिरातींचा मजकूर लिहिणारी. दोघांच्या समोर काकांनी लिहिलेला मसुदा आहे.

काका : वाच गो बाय. "फळांचा राजा हापूस, थेट देवगडच्या बागेतून. चार पिढ्यांची परंपरा. लाल माती, खारा वारा, अवीट गोडी. शंभर टक्के नैसर्गिक. आजच मागणी नोंदवा."

पुतणी : वाचायला छान आहे. पण काका, यातलं आपलं नाव काढून शेजारच्या बागेचं घातलं, तर काही बदलेल का?

काका : कशाला बदलेल? त्याचीही बाग देवगडातच आहे. खरं आहे तेच लिहिलंय मी.

पुतणी : खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण वाचणारी बाई कोथरूडला बसली आहे आणि तिच्या फोनवर असे दहा संदेश आलेत. दहाही जण राजा म्हणतात, दहाही जण गोडी सांगतात. पैसे कुणाला पाठवायचे एवढंच तिला ठरवायचंय. ते ठरवायला मदत होईल असं यातलं एक वाक्य दाखवा.

काका : चार पिढ्या. चार पिढ्या टिकलो, म्हणजे लोकांना फसवत नसणार.

पुतणी : तुम्हाला ते कळतं, कारण त्या पिढ्या तुम्ही पाहिल्यात. तिला तो फक्त एक आकडा आहे. बरं, सीझनमध्ये फोन कोण घेतं?

काका : मीच. दुसरं कोण घेणार?

पुतणी : मग लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत सांगा. सुधारून सांगू नका.

काका : पहिला ठरलेला, "ओरिजिनल देवगड ना?" मग "कर्नाटकचा मिक्स नाही ना?" मग "पावडरीत पिकवलेला नाही ना?" कुणी विचारतं, चार डझनाची आणि सहा डझनाची पेटी सारख्याच पैशांत कशी. त्यांना समजावावं लागतं की पेटी तेवढीच असते, फळ मोठं असलं की डझन कमी बसतात. "सगळे एकदम पिकले तर खाणार कोण?" हा एक. "गेल्या वर्षी साका निघाला होता हो," हा एक. आणि शेवटी, "भाव कधी उतरणार?"

पुतणी : यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मसुद्यात नाही. दर वर्षी हेच प्रश्न कानांवर येतात, आणि लिहायला बसलात की माती आणि वारा आठवतो.

काका : थांब. बाजारातला प्रश्न दरवेळी खरा नसतो. निम्मे लोक घासाघीस करायची म्हणून विचारतात. शंका फिटली म्हणून कुणी आंबा घेतो का? ओढ असते म्हणून घेतो. ती ओढ जागवणं हे लिहिणाऱ्याचं काम, असं मी मानतो. उत्तरांची यादी द्यायची तर रेशनकार्डाचा अर्जच छापून देऊ.

पुतणी : ओढ कुणाची जागवायची, ते आधी ठरवू. कोथरूडची बाई लहानपणापासून हापूस खाते. तिला वासाची आठवण आम्ही करून द्यायला नको, ती आपली आपणच अस्वस्थ आहे. तिच्या आणि पेटीच्या मध्ये गोडीची उणीव नाही, शंका आडवी आहे. आता लखनौचा माणूस घ्या. तो दशहरी खात वाढला, आंबा किलोवर घेतो. डझनाचा भाव ऐकूनच तो चमकतो. त्याला हापूसची चव, वास, रेषा नसलेला गर हे सगळं सांगावं लागेल. त्याच्यासाठी तुमचं वर्णन मी दुप्पट लांबवीन.

काका : म्हणजे एका वाचकाला जे हवं, ते दुसऱ्याला नको.

पुतणी : हो. आणि अमेरिकेतल्या मराठी माणसाचं आणखी निराळं. तिकडची दारं आपल्या आंब्याला २००७ मध्ये उघडली, पण फळावर विकिरण प्रक्रिया झाल्याशिवाय ते तिथे जात नाही. तो विचारणार, नेमकं कोणत्या दिवशी पोहोचेल, त्या प्रक्रियेने फळाला काही होतं का. त्याला खारा वारा सांगून काय होणार? खारा वारा आठवूनच तर तो एवढे पैसे मोजायला तयार झालाय.

काका : बरं, तुझ्या वाटेने जाऊ. साका. संदेशात साक्याबद्दल लिहायचं म्हणतेस? ज्या माणसाच्या डोक्यात तो विचारही नव्हता, त्याच्या डोक्यात तू घालणार. धंदा बसवायची रीत झाली ही.

पुतणी : हा आक्षेप खरा आहे. मीही त्यावर अडते. पण हापूस घेणाऱ्या घरात एकदा तरी बाहेरून सुरेख दिसणारं फळ कापल्यावर आत पांढरा, आंबूस, स्पंजासारखा भाग निघालेला असतो. महागाचं फळ, घरचे सगळे ताटावर बसलेले, आणि पहिल्याच फोडीला हे. ती आठवण जात नाही. आपण गप्प राहिलो म्हणून शंका मिटत नाही. वाचणारा फक्त एवढं धरून चालतो की याला आपली अडचण ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून लपवतोय.

काका : मग काय लिहायचं? आमच्या आंब्यात साका नसतो? असं कोण छातीठोक सांगेल! बाहेरून तो दिसत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हापूस आणि नीलम यांचा संकर करून 'रत्ना' काढला, त्याच्यात साका नाही. पण हापूस म्हटला की ती जोखीम आलीच.

पुतणी : खोटं कशाला लिहायचं? "साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या पेटीत देऊ किंवा पैसे परत करू." एवढंच.

काका : वाक्य तुझं, फळं माझी! तू पुण्यात बसून लिहिशील, भुर्दंड बागेला.

पुतणी : तो किती बसेल?

काका : ते फळ उतरवण्यावर आहे. चौदा आणे तयार, म्हणजे पुरतं पक्व होण्याच्या थोडं आधी उतरवलं, तर साका कमी. झाडावर जास्त पक्व होऊ दिलं तर वाढतो. सकाळी लवकर उतरवून लगेच सावलीत न्यायचं. उन्हात तापल्या कातळावर ढीग पडून राहिला की गेलं. गडी दुपारपर्यंत उतरवत राहतात आणि ढीग तसाच पडतो, हे मीही बघतोच की.

पुतणी : म्हणजे ते वाक्य लिहायचं तर आधी उतरवणीची वेळ बदलावी लागेल.

काका : लागेल. दोन गडी जास्त लागतील.

पुतणी : मला इतका वेळ हेच म्हणायचं होतं. वाचणाऱ्याच्या मनातला प्रश्न नीट ऐकला की तो कागदावर थांबत नाही, थेट बागेत जातो. उत्तर देण्याजोगं काम तिथे झालेलं असेल तर वाक्य आपोआप सरळ येतं. झालं नसेल तर आपण विशेषणं शोधायला लागतो. "शंभर टक्के नैसर्गिक" हे तसलं आहे. शिवाय अन्नपदार्थांच्या जाहिरातीत नैसर्गिक, शुद्ध, ताजं असे शब्द वापरायला २०१८ च्या नियमांनी अटी घातल्यात. पण अटी नसत्या, तरी त्या शब्दाने वाचणाऱ्याच्या हाती काय पडलं असतं?

काका : तू म्हणतेस ते पटतं, पण सगळं नाही. किर्लोस्करांचा नांगर आठव. लक्ष्मणराव लोखंडी नांगर घेऊन शेतकऱ्यांपुढे गेले, तेव्हा लोक म्हणाले, लोखंडाने जमीन नासते, विषारी होते. लोकांच्या प्रश्नावरच चालले असते, तर त्यांनी लाकडी नांगर करायला घेतले असते. त्यांना आपल्या मालाची खात्री होती. गिऱ्हाइकाला आज काय वाटतं, त्याच्या पुढचं बघणारा माणूस होता तो.

पुतणी : त्याच गोष्टीत मला दुसरं दिसतं. लोखंड किती मजबूत, ओतकाम किती उत्तम, हे हजारदा सांगून तो नांगर खपला असता का? शेतकऱ्याला नांगराची काळजी नव्हती, जमिनीची होती. नांगर मोडला तर दुसरा घेता येतो, जमीन नासली तर घर बसतं. ती भीती वेडगळ म्हणून हसण्यावारी नेली असती, तर किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला नसता. लोखंडी फाळाने नांगरलेल्या जमिनीत पीक उभं राहिलेलं बघितल्यावरच ती भीती गेली असणार. प्रश्न ऐकणं म्हणजे त्याच्यापुढे माल बदलत बसणं नव्हे. आपलं बोलणं कुठून सुरू करायचं, ते त्यातून कळतं.

काका : आणि १९२० मध्ये किर्लोस्करांच्या कारखान्याने 'किर्लोस्कर खबर' काढलं, तेही मुळात कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत न्यायला. पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि मराठी घराघरांत गेलं. नुसती शंकांची उत्तरं देत बसले असते, तर ते कुणी जपून ठेवलं असतं? वाचणाऱ्याला त्याच्या आयुष्याला पुरेल असं काही दिलं, म्हणून लोक त्याची वाट बघत.

पुतणी : हे मात्र मला मान्य करावं लागेल.

काका : आणखी एक ऐक. तुझी ती प्रश्नांची यादी फोनवरून आलेली आहे. फोनवर न येणारं काय, ते मी सांगतो. नवं लग्न झालेला मुलगा सासरी पेटी पाठवतो. तो मला विचारतो, "पेटीत किती बसतात?" त्याच्या मनात काय असतं? सासूबाईंनी पेटी उघडल्यावर त्या काय म्हणतील. हा प्रश्न तो मला कधी विचारायचा नाही. दुसरा एक जण डॉक्टरांना पाठवतो. आईचं ऑपरेशन त्यांनी केलेलं असतं. तिसऱ्याला अक्षय्य तृतीयेच्या आत पेटी हवी असते. घरात आंबा आधी देवापुढे आणि पितरांना ठेवल्याशिवाय वडील खात नाहीत. हे लोक भाव विचारतात, डझन विचारतात, पण बोलतात दुसऱ्याच गोष्टीबद्दल. मी ते आवाजावरून ओळखतो.

पुतणी : हे माझ्या यादीत नव्हतं. पैसे देणारा एक, खाणारा दुसरा, आणि देणाऱ्याचा जीव खाणाऱ्याच्या चेहऱ्यावर लागलेला. मग भेटीच्या पेटीत भावाची चिठ्ठी असता कामा नये. वरचा थर देखणा हवा. आणि पेटी कोणत्या दिवशी पोहोचायची ते त्याला निवडता आलं पाहिजे.

काका : आणि फळं अगदी कच्ची नकोत. सासूबाईंनी आठवडाभर नुसता वासच घ्यायचा का?

पुतणी : मग तुम्ही हे मसुद्यात का नाही लिहिलंत?

काका : जाहिरातीत असं लिहायचं असतं, हे कधी वाटलंच नाही. जाहिरात म्हणजे मालाचं कौतुक, असंच आजवर बघत आलो.

पुतणी : तुम्हाला वाचणारा माणूस माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, काका. मी त्याचे शब्द गोळा करते, तुम्ही त्याच्या अडचणीत वावरता. लिहिताना मात्र तुम्ही त्याला बाजूला ठेवता आणि आंब्याकडेच बघत बसता. आता एक सुचवू? पावडरीच्या प्रश्नाने लोक फार घाबरतात. "बाजारातला आंबा म्हणजे विष, मुलांना देण्याआधी विचार करा." असा मजकूर लोक लगेच पुढे पाठवतात. त्याने मागणी वाढेल, हे मी खात्रीने सांगते.

काका : नाही लिहायचं.

पुतणी : का? कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. चूक काय त्यात?

काका : बंदी आहे, ती योग्यच आहे. जो ते वापरतो त्याला धरावं. पण "बाजारातला आंबा" म्हणजे कोण? माझ्या शेजारचा, जो दर वर्षी वाशीला पेट्या पाठवतो आणि गवतावर अढी घालतो. त्याच्या अंगावर विष फेकून मी माझी पेटी विकू? आणि इथिलीनच्या चेंबरमध्ये पिकवणं ठरलेल्या मर्यादेत कायदेशीर आहे, ते वाचणाऱ्याला सांगणार आहेस की त्यालाही विषच म्हणणार? आईला मुलाच्या जिवाची काळजी आहे, हे तुला कळलं म्हणून ती काळजी पिळून घ्यायचा हक्क तुला मिळाला का?

पुतणी : नाही मिळाला. पण बोलायचं तर तिच्या काळजीबद्दलच ना?

काका : बोल की. आपण फळ कसं पिकवतो ते सांग. गवताची अढी, मधले दिवस, वासावरून तयार फळ कसं ओळखायचं. तिला ताडून बघता येईल असं सांग. तिला शहाणं करून सोड, घाबरवून नको. आणि ते "शेवटच्या मोजक्याच पेट्या" बागेत फळ लगडलेलं असताना लिहू नकोस. पाऊस आला की आमचा हंगाम खरोखरच संपतो. खरी घाई असताना खोटी कशाला लागते?

पुतणी : हे मी लिहून ठेवते. आमच्या कामात वाचणाऱ्याची दुखरी नस शोधायला शिकवतात. ती सापडल्यावर तिच्याशी कसं वागायचं, हे शिकवायचं राहून जातं.

काका : मग आता तुझा मसुदा वाच.

पुतणी : "देवगडच्या आमच्याच बागेतला हापूस. दुसरीकडचं फळ आम्ही पेटीत भरत नाही. भौगोलिक मानांकनाचा आमचा नोंदणी क्रमांक पेटीवर आहे. फळ चौदा आणे तयार झाल्यावर देठासकट, सकाळच्या वेळी उतरवतो आणि गवताच्या अढीत ठेवतो. उतरवल्याची तारीख प्रत्येक पेटीवर लिहिलेली असते. अर्धी फळं पोहोचल्यावर दोन दिवसांत खाता येतील, अर्धी त्यानंतर. साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढी फळं किंवा पैसे परत. भेट पाठवायची असल्यास पत्ता आणि दिवस कळवा, पेटीत भावाची चिठ्ठी नसेल."

काका : मानांकन २०१८ मध्ये कोकणातल्या पाचही जिल्ह्यांच्या हापूसला मिळालं, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत. नुसत्या मानांकनाने देवगड सिद्ध होत नाही. बागेचं गाव लिही.

पुतणी : लिहिते. हे मला सुचलं नसतं.

काका : आणि अर्धी आज, अर्धी नंतर, म्हणजे प्रतवारी दोनदा करावी लागेल. करू. पण माती तू काढून टाकलीस. ते मला चालणार नाही.

पुतणी : मातीचा वाचणाऱ्याला काय उपयोग, तेवढं सांगा. ठेवते.

काका : इथलं फळ कातळावरचं. त्याची साल पातळ. म्हणून पिकल्यावर तिच्यावर बारीक सुरकुत्या येतात. नवं गिऱ्हाईक घाबरून फोन करतं, "आंबा खराब झाला." अहो, तोच तर खायला तयार झालेला असतो! आणि साल पातळ म्हणून बोटाने दाबून बघायचा नाही, डाग पडतो. वासावरून ओळखायचा.

पुतणी : हे तर पहिल्या ओळीत जायला हवं, निदान लखनौच्या माणसासाठी तरी. तुमची माती, तुमचा अभिमान, आणि त्याच्या उपयोगाचं, सगळं एकाच वाक्यात आलं. आता राहिला शेवटचा प्रश्न. भाव कधी उतरणार?

काका : ते नाही लिहायचं. ते सांगितलं तर सगळे मेपर्यंत थांबतील.

पुतणी : सगळ्यांना ठाऊकच आहे की सुरुवातीला फळ थोडं म्हणून भाव चढा, आणि मेमध्ये आवक वाढली की तो उतरतो. आपण स्वतः सांगितलं, तर बाकीच्या ओळींवरही विश्वास बसेल.

काका : आणि मार्चमधली पेटी कोण घेईल?

पुतणी : ज्याला देवापुढे ठेवायची आहे तो. सासरी पाठवणारा. तुम्हीच सांगितलेत. ते भावासाठी थांबणारे नव्हेतच. ज्या घरात रोज सहा माणसं आंबा खातात, त्यांनी मेमध्ये घ्यावा. ते दोन पेट्या जास्त नेतील.

काका : मग भावाची ओळ सगळ्यांना पाठवायची नाही. ज्याला जे हवं, त्याला ते. लपवायचं म्हणून म्हणत नाही. कुणी विचारलं तर मी फोनवर सांगेनच.

पुतणी : मी ती सगळ्यांना पाठवीन.

काका : इथे आपलं जुळायचं नाही. पण निम्म्या वाटेपर्यंत मी येतो. गिऱ्हाइकांची वही काढ. कोण कुणासाठी घेतो, कधी घेतो, गेल्या वर्षी कशावरून कुरकुरला, ते आधी नावापुढे लिहू. मजकूर मग.